मार्थाबाई हात पुढे करत नाही

"पाय खाली घे."

पुढच्या बाकावरच्या माणसानं दचकून मागं पाहिलं.

"तुलाच सांगते. पायावर पाय चढवून बसलायस ते. मिस्सेला आलास का न्हाव्याकडं नंबर लावून बसलास?"

माणूस ओशाळला. त्यानं पाय खाली घेतला. त्याच्या बायकोनं मांडीवरचा मोबाइल ओढणीखाली सारला. मार्थाबाईनं तेही पाहिलं, पण एका रविवारी किती जणांना माणसात आणायचं, म्हणून सोडून दिलं.

उधन्याच्या त्या चर्चमध्ये महिन्यातून एकदा मराठीत मिस्सा, म्हणजे उपासना, होई. नगरकडून यंत्रमागांवर कामाला आलेली जुनी कुटुंबं आणि त्यांची सुरतेतच जन्मलेली, आपसात गुजरातीत बोलणारी मुलं त्या दिवशी एकत्र येत. मार्थाबाई घंटेच्या आधी येऊन दाराजवळच्या बाकावर बसे. तिथून आत येणारा प्रत्येक जण दिसे, आणि दिसे ते पाहून तिच्या ओठाची एक कड खाली जाई. कुणी पवित्र पाण्यात असं बोट बुडवी, जणू चटणीला मीठ आहे का बघतोय. कुणी क्रुसाची खूण करी ती माशी हाकलल्यासारखी. वेदीसमोर आल्यावर गुडघा जमिनीला टेकायचा असतो. ही मंडळी ठेंगण्या दारातून जाताना माणूस जेवढा वाकतो तेवढी वाकत आणि बाकात शिरत.

"यांना गुडघे देवानं फटफटीवर बसायला दिलेत," ती सुनेला म्हणे, आणि चार बाकांना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणे. सून नीलम मान खाली घालून प्रार्थनेचं पुस्तक चाळत राही.

जुन्या बाकांना खाली गुडघे टेकायला फळी होती. नवे बाक आले ते फळीशिवाय आले. फळ्या गेल्या, बाक एकमेकांच्या जवळ सरकले, माणसं जास्त मावू लागली. ही अक्कल सुकदेवची. सुकदेव चर्चच्या मंडळाचा प्रमुख. मार्थाबाईच्याच गावचा, संगमनेरच्या बाजूचा, तिच्याहून दहा-बारा वर्षांनी लहान. मागावर कारागीर म्हणून आला होता, आता कारखान्यांना कामगार पुरवायचा ठेका घेई. नव्या बाकांवर पहिली मिस्सा झाली तेव्हा त्यानं माइक हातात घेऊन भाषण केलं होतं.

"आपले बापजादे वाकून वाकून मेले. पाटलापुढं वाकले, सावकारापुढं वाकले. आता ते दिवस गेले. आता देवाला भेटायचं तेसुद्धा उभं राहून, ताठ मानेनं!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. चर्चमध्ये टाळ्या! मार्थाबाई पदर तोंडाला लावून हसली, ते खोकल्यासारखं ऐकू आलं. ती त्याच कारखान्यात कांड्या भरायला होती, जिथं सुकदेव मागावर होता. दिवाळीनंतर लाभपाचमीला कारखाना उघडतो, तेव्हा हा माणूस शेठच्या पाया पडे, शेठाणीच्या पाया पडे, मग त्यांच्या पोराच्याही पडे, जो पोरगा याच्या डोळ्यांदेखत दुपट्यात मुतत होता. एकदा तर पाया पडता पडता त्यानं शेठच्या बुटावरची धूळ रुमालानं पुसली होती. कुणी सांगितलं नव्हतं. आपणहून.

"ह्याचा कणा फक्त रविवारी ताठ असतो," मार्थाबाई म्हणे. "बाकी सहा दिवस घडी घालून ठेवतो."

असं सगळ्यांना नावं ठेवणारी ही बाई, पण एका गोष्टीवरून लोकच तिला नावं ठेवत. ख्रिस्तप्रसादाची वेळ झाली की सगळे उठून रांगेत लागत. डावा तळहात उजव्यावर ठेवायचा, फादर त्यावर ती पातळ पांढरी चकती ठेवणार, 'ख्रिस्ताचं शरीर' म्हणणार, आपण 'आमेन' म्हणून ती तोंडात घालायची. लोक ती चालता चालता शेंगदाण्यासारखी तोंडात टाकत. मार्थाबाई मात्र आपल्या जागी, उघड्या फरशीवर गुडघे टेकून बसून राही. उठत नसे. टाळेबंदीनंतर चर्च पुन्हा उघडलं तेव्हापासूनचं हे. जी बाई दुसऱ्याच्या पायाची घडी सहन करत नाही, ती स्वतः प्रसाद घेत नाही, म्हणजे काय समजायचं? लोकांनी समजायचं ते समजून घेतलं. म्हातारीच्या पोटात काहीतरी मोठं पाप आहे.

भेस्तानला घरी एका संध्याकाळी मुलानं, नितीननं, विषय काढलाच. नीलम साड्यांना लेस लावत बसली होती. तो ताटावर होता.

"आई, तुझं फादरशी काही वाकडं झालंय का?"

"माझं कुणाशी वाकडं नसतं. लोकांचं माझ्याशी असतं."

"मग कम्युनियन का घेत नाहीस? मला मंडळात मान वर करता येत नाही. सुकदेवकाका परवा सगळ्यांपुढं हसले. म्हणे, तुझ्या आईनं असा कोणता गुन्हा केलाय, की तो कबूल करायलासुद्धा तोंड उघडत नाही?"

"त्याला सांग, तुझे गुन्हे सांगून झाले की माझा नंबर लागंल. तवर मी काय जगत न्हाई."

नीलमनं दोरा दातानं तोडायचं निमित्त करून हसू लपवलं.

"मस्करी नको करू, आई. हात पुढे करायचा, हातावर टाकतात, तोंडात टाकायचं. बे मिनिटनुं काम छे!" चिडला की नितीनच्या तोंडून गुजराती निघे.

"टाकत्यात," मार्थाबाई म्हणाली. "टाकत्यातच ना."

"म्हणजे?"

"काही न्हाई. जेव."

तिनं त्याला कधी सांगितलं नव्हतं. सुरतेत जन्मलेल्या, नळाखाली तोंड लावून पाणी प्यायलेल्या मुलाला काय सांगायचं होतं?

गावाकडं पाटलाच्या विहिरीवर तिची आई तिला घेऊन जाई. पायऱ्यांच्या बरंच अलीकडं खाली बसायचं. वाट पाहायची. पाटलाच्या घरची बाई मनात आलं की पोहरा घेऊन येई. मग दोन्ही हातांची ओंजळ करायची, ती ओठाला लावायची, मान खाली घालायची, आणि वरून पाण्याची धार पडे. पोहरा वर असे, चांगला वर. धारेतूनसुद्धा विटाळ चढेल की काय, इतका वर. पाणी नाकात जाई, गळ्याखाली जाई, झग्यावर सांडे. भाकरी मिळाली तर तीही वरूनच पडे. देणाऱ्याचं तोंड कधी दिसत नसे, कारण मान वर करायची नसे.

मग त्यांच्या वस्तीत जर्मन फादर येऊ लागले. पत्र्याच्या शाळेत मिस्सा होई. मार्थाचा पहिला ख्रिस्तप्रसाद होता त्या दिवशी मुलांना गोणपाटावर गुडघ्यांवर बसवलं होतं. फादर ताडासारखा उंच. तो प्रत्येक पोरापुढं कमरेत वाकत वाकत येत होता. तिच्यापुढं आला, लॅटिनमध्ये काहीतरी पुटपुटला, आणि त्यानं आपल्या दोन बोटांनी तिच्या जिभेवर प्रसाद ठेवला. बोट तिच्या खालच्या ओठाला लागलं. बोटाला तंबाखूचा वास होता. मार्था डोळे मिटायचे विसरली. आता हा माणूस बोट झटकणार, धुणार, निदान झग्याला पुसणार, म्हणून ती पाहत राहिली. तो तीच बोटं घेऊन शेजारच्या पोरीकडं वळला.

घरी आजीला सांगितलं तेव्हा आजीनं चुलीतलं लाकूड पुढं सारलं. मग म्हणाली, "जो आपल्या तोंडाला शिवला, त्याचा देव खरा."

म्हणून मार्थाबाईला गुडघ्यावर बसताना कधी खाली गेल्यासारखं वाटलं नाही. आपण बसतो आणि समोरचा वाकतो, असा तो व्यवहार होता. सुकदेवला आणि त्याच्या ताठ मानेच्या लोकांना तो कधी कळला नाही, याचा तिला राग नव्हता. कीव होती, आणि कीव करायला तिला आवडे.

टाळेबंदीनंतर मात्र जिभेवर देणं बंद झालं. रोगाची भीती होती, तिलाही पटलं. ती पहिल्या रविवारी रांगेत उभी राहिली. डावा हात उजव्यावर, तळवा सपाट, सगळं नीलमनं शिकवलं तसं. पण तिचा नंबर आला आणि हात आपोआप जवळ आले. त्यांची ओंजळ झाली. ओंजळ ओठाला लागली, मान खाली गेली. वरून, चांगलं वरून, कुणाचंही बोट न लागता प्रसाद ओंजळीत पडला. तो तिनं गिळला. पण त्यानंतर ती रांगेत गेली नाही.

आता पास्काचा, म्हणजे ईस्टरचा, सण जवळ आला होता. पास्काला तरी प्रत्येकानं ख्रिस्तप्रसाद घ्यावाच, असा चर्चचा नियम आहे. नियमाचं सोडा, तिला हवा होता. इतके दिवस उपाशी असल्यासारखी अवस्था झाली होती, आणि लोक तिच्या पोटात पाप शोधत होते. रोगराई ओसरून वर्षं झाली होती. आता मागायला हरकत नव्हती. ती पापकबुलीला गेली. नवे फादर तरुण, आणंदकडचे. मराठी मोडकी, पण कान चांगले.

"मी लोकांना तुच्छ लेखते," मार्थाबाई म्हणाली.

"पस्तावो थाय छे, माजी?"

"लोक सुधारले की होईल."

जाळीपलीकडं फादर खाकरले. मग त्यांनी तिला प्रायश्चित्त दिलं आणि माफीही दिली. बाहेर पडल्यावर तिनं त्यांना ओसरीत गाठलं.

"मला जिभेवर पायजे. गुडघ्यावर बसून."

"जिभेवर देईन ना, मना नथी. पण गुडघ्यावर... माजी, लाईन थांबते."

"थांबंना का. कुठं गाडी सुटतीय?"

फादर हसले. "सारू. माझ्या लाईनमध्ये या. सगळ्यात शेवटी या. पछी कोई वांधो नहीं."

पास्काच्या दिवशी उन्हानं फरशी दारापाशी तापली होती. पंखे गरम हवा इकडून तिकडं ढकलत होते. मार्थाबाईनं लग्नाच्या वेळी नेसतात तसं लुगडं नेसलं होतं, पांढरं, जांभळ्या काठाचं. चर्च गच्च भरलं होतं. वर्षातून दोनदा येणारे सगळे आले होते आणि कुठं उभं राहायचं, कुठं बसायचं हे एकमेकांकडं बघून ठरवत होते. आज ती कुणाला काही बोलली नाही. नीलमला तेवढ्यावरून काळजी वाटू लागली.

प्रसादाच्या दोन रांगा लागल्या. एक फादरची. दुसरी सुकदेवची. यंदा त्याला प्रसाद वाटायची सेवा मिळाली होती. पांढरा सफारी, गळ्यात क्रूस, हातात सोनेरी प्याला. तो माणसागणिक 'ख्रिस्ताचं शरीर' असं म्हणे, की जणू पगाराच्या दिवशी नाव पुकारतोय.

मार्थाबाई फादरच्या रांगेत शेवटी उभी होती. रांग सरकत गेली. तिच्या पुढचा माणूस घेऊन वळला आणि फादरनी प्याल्यात पाहिलं. प्याला रिकामा होता. त्यांनी बोटानं तिला थांबायची खूण केली आणि वेदीमागं ठेवलेला दुसरा प्याला आणायला ते वळले.

सुकदेवची रांग संपली होती. त्याच्याकडं थोडे उरले होते. तो दोन पावलं सरकून फादरच्या जागी येऊन उभा राहिला.

"या मार्थाबाई, या. एवढ्यासाठी फादरना कशाला ताटकळवता?"

ती थांबू शकली असती. फादर येतच होते. पण सुकदेवनं चकती प्याल्यातून उचलून हातात धरली होती. हात कुणाचा का असेना, हातात काय आहे ते तिला माहीत होतं. धरलेल्या देवाला 'थांब, मला दुसऱ्या माणसाकडून पाहिजेस' कसं म्हणायचं? आयुष्यभर तिनं ज्या ज्या लोकांकडं ओठ वाकडा करून पाहिलं, त्या सगळ्यांत वरचा नंबर ज्याचा, तोच पुढं उभा होता. मार्थाबाईनं बाकाची कड धरली, एक गुडघा टेकला, मग दुसरा.

पहिल्या बाकावर कुजबुज झाली. नितीननं मान खाली घातली.

"उठा," सुकदेव दातांतून म्हणाला. "हात करा. लोक बघतायत."

"तू तुझं म्हण."

"ख्रिस्ताचं शरीर."

"आमेन," म्हणून तिनं डोळे मिटले आणि तोंड उघडलं.

म्हातारं तोंड होतं ते. मोजके दात, मिश्रीनं काळ्या पडलेल्या हिरड्या. सुकदेव थोडा पुढं झुकला. बोटं जिभेच्या वीतभर वर आली आणि तिथंच थांबली. मग त्यानं तिथूनच चकती सोडली.

ती ओठाच्या कडेला लागली आणि फरशीवर पडली.

मार्थाबाईनं डोळे उघडले. ती आधी फरशीकडं पाहत नव्हती, सुकदेवच्या हाताकडं पाहत होती. तो आपली दोन बोटं सफारीच्या पँटीला पुसत होता. त्या बोटांना काहीही लागलेलं नव्हतं. तरी पुसत होता. त्यालाही ते कळत नसावं.

"सुकदेव," ती हळू आवाजात म्हणाली, "तुझी आय आन् माझी आय एकाच विहिरीवर खाली बसायच्या."

सुकदेवचा चेहरा आधी काही न कळल्यासारखा होता. मग त्याचा हात पँटीवर जागच्या जागी थांबला. तो घाईनं वाकला, चकती उचलायला.

"हात लावू नको."

ती पुढं झुकली. तळहात फरशीवर टेकले, मग कोपरं, मग कपाळ जवळजवळ टेकलं. पेटीवाल्याची बोटं चालत होती, पण गाणारे थांबले होते. मार्थाबाईनं फरशीवरून प्रसाद ओठांनी उचलला आणि तशीच वाकलेली, थोडा वेळ राहिली.

फादर भरलेला प्याला घेऊन परत आले, तेव्हा काम झालेलं होतं. ती नीलमला खूण करत होती. नीलम पाण्याची बाटली घेऊन आली. मार्थाबाईनं पदराचं टोक भिजवलं आणि जिथं चकती पडली होती ती जागा पुसली, पुन्हा पुसली, आणि टोक मुठीत आवळून धरलं. सुकदेवनं तिला उठवायला हात पुढं केला. तिनं त्या हाताकडं पाहिलं आणि बाकाची कड धरली.

रिक्षा भेस्तानला आली. सोसायटीच्या गेटापाशी नितीन म्हणाला, "सगळ्यांसमोर जमीन चाटलीस, आई."

"हां."

"सुकदेवकाकांना किती ओशाळवाणं वाटलं असेल."

"तुला त्याची बोटं दिसली का?"

"कसली बोटं?"

"मग राहू दे."

नितीन पैसे द्यायला पुढं गेला. मागून उतरताना नीलमनं सासूची चप्पल सरळ करून दिली आणि खालच्या आवाजात म्हणाली, "मला दिसली, आई."

मार्थाबाई तिच्याकडं बघत राहिली. पुष्कळ वर्षांत सुनेला नावं ठेवायला काही सापडलं नाही, असा हा पहिलाच दिवस असावा.

घरी येऊन तिनं पदराचं टोक तांब्यातल्या पाण्यात धुतलं. नीलम तांब्या घेऊन मोरीकडं निघाली, तशी ती ओरडली.

"गटारात? देवाचं पाणी हाय ते. मातीतच जायला पायजे. जर्मन फादर मातीतच वतायचे."

"पण माती कुठंय, आई? मनीप्लांटच्या बाटलीत घालू?"

"बाटलीत म्हणे!"

ती तांब्या घेऊन जिना उतरली. चार मजले, एका हातानं कठडा धरून, प्रत्येक पायरीवर आधी उजवा पाय आणि मग डावा. तांब्यातलं पाणी डचमळू नये म्हणून सावकाश. खाली सगळीकडं पेव्हर बसवलेले. पार्किंगमध्ये पेव्हर, गेटापर्यंत पेव्हर, भिंतीच्या कडेला सिमेंट. पूर्वी शेवग्याचं झाड होतं तिथं कुणाची तरी गाडी झाकून ठेवलेली. माणसांना मातीचीही अडचण झाली होती. ती सोसायटीभर फिरली. संध्याकाळच्या गप्पांना बसलेल्या बायका तिच्या हातातल्या तांब्याकडं बघून एकमेकींकडं बघत होत्या. तिनं त्यांच्याकडं पाहिलंसुद्धा नाही.

गेटाजवळ, मीटरच्या पेटीखाली, पेव्हर संपून भिंत सुरू होण्याआधी हातभर माती उरली होती. तिथं वॉचमनची प्लॅस्टिकची खुर्ची होती आणि खुर्चीत वॉचमन.

"ऊठ रे जरा."

"क्या हुआ, माजी?"

"ऊठ म्हणते ना."

तो उठला. खुर्ची उचलून बाजूला उभा राहिला. मार्थाबाईनं एका हातानं भिंत धरली, वाकली, आणि तांब्या जमिनीच्या अगदी जवळ नेऊन पाणी ओतलं. पाऊल पडून पडून माती दगडासारखी झाली होती. पाणी वरच साचलं, थोडं पेव्हरकडं निघालं. तिनं तळहात आडवा लावून ते अडवलं.

वॉचमननं खुर्ची परत ठेवायला पुढं केली.

"थांब," ती म्हणाली. "मुरू दे."

तो खुर्ची हातात धरून उभा राहिला.